हेडफोन आधी बिघडला की आधी उघडला? वॉरंटीचं सगळं त्या तारखेवर आहे

नाशिकच्या द्वारकाजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा लांबलचक मेल आलाय. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतात, घर रस्त्यालगत, दिवसभर हॉर्न, म्हणून बाहेरचा आवाज आत येऊ नये यासाठी क्लोज्ड-बॅक हेडफोन घेतला. दिवाळी २०२४ चा ऑनलाइन सेल, किंमत १४,९९० रुपये, वॉरंटी एक वर्ष. जून २०२५ मध्ये डावी बाजू बारीक ऐकू यायला लागली आणि बेसला खरखर. मग त्यांनी हेडफोन घरीच उघडला, आत बरंच काही केलं, त्यानंतर सर्व्हिस सेंटरला दिला आणि तो "टॅम्पर्ड" (छेडछाड केलेला) असा शेरा मारून परत आला. आता विचारतायत की केस होईल का, आणि पाच लाख भरपाई मागू का.

असे मेल मला सारखे येतात. कुणी मोबाइलची बॅटरी बाहेर बदललेली असते, कुणी मिक्सर उघडलेला असतो, वस्तू वेगळी पण प्रश्न हाच, की उघडलं म्हणजे हक्क गेला का. त्यामुळे ग्राहक म्हणजे कोण, बिल का जपायचं हे मी परत लिहीत बसत नाही, थेट मुद्द्यावर येतो.

तुमच्या मेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. ११ जूनला कंपनीच्या कस्टमर केअरशी चॅटवर बोललात, त्यांनी हेडफोन उलटा घालून बघायला सांगितलं, तुम्ही बघितलं आणि सांगितलं की आता उजव्या कानाला बारीक येतंय, मग त्यांनी तिकीट नंबर दिला. आणि हेडफोन तुम्ही उघडलात १९ जूनला. अहो, तुमची केस म्हणजे हे आठ दिवस आहेत, आणि नेमक्या त्या चॅटचा स्क्रीनशॉट तुम्ही ठेवला नाहीत, विंडो बंद केलीत. हातात काय, तर "तुमची तक्रार नोंदवली आहे" एवढाच तिकीट नंबरचा मेल. पंधरा हजाराच्या वस्तूची तक्रार करताना दोन स्क्रीनशॉट काढायला काय लागतं हो, मला खरंच कळत नाही.

आता हे इतकं महत्त्वाचं का ते सांगतो. वॉरंटी कार्डाचा जो फोटो पाठवलात त्यातल्या अटीचा अर्थ असा आहे की अनधिकृत दुरुस्तीमुळे किंवा बदलामुळे जो बिघाड होईल तो वॉरंटीत धरला जाणार नाही. वस्तू उघडली की सगळी वॉरंटी रद्द, असं त्या कार्डावर कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे बिघाड आणि तुमची कारागिरी यांचा संबंध असायला हवा. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर मात्र फक्त "टॅम्पर्ड" हा एक शब्द, कुठला पार्ट तपासला, काय सापडलं, कशामुळे बिघडलं, काहीच नाही. आता वस्तूत दोष होता हे दाखवायची पहिली जबाबदारी तक्रारदाराची, म्हणजे तुमची, ती टळत नाही. पण एकदा ते दाखवलं आणि समोरचा म्हणाला की आमच्या अपवादाच्या अटीत हे बसतं, तर ते बसतं हे त्याने दाखवायचं. बिघाड उघडण्याच्या आधीचा आहे हे तारखेनिशी सिद्ध झालं की ती अट जवळजवळ निकामी होते. नाही झालं तर गोष्ट अवघड आहे, आणि अवघड का ते तुमच्याच कारागिरीत दडलंय.

तुम्ही चार गोष्टी केल्यात आणि मेलमध्ये चारही एकत्र कालवल्यात. त्या वेगळ्या करा.

इअरपॅड बदलले. याची अजिबात काळजी करू नका. मूळचे लेदरसारखे पॅड नाशिकच्या एप्रिल-मे मध्ये घामाने चिकट होतात, पुढे सोलून पापुद्रे पडतात, आणि चष्म्याची काडी मधे आली की गादी नीट टेकत नाही, फट राहते आणि बेस निघून जातो, म्हणून माणूस जाड किंवा मखमली पॅड लावतो. पॅड ही झिजणारी वस्तू आहे, तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात पॅड काढायचे कसे याची चित्रं आहेत आणि कंपनी स्वतः पॅड सुटे विकते. याला कुणी टॅम्परिंग म्हणालं तर ते टिकायचं नाही असं मला वाटतं.

हेडबँड ताणला. डोकं दुखतं, पकड घट्ट आहे, म्हणून रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवलात. असं पुष्कळ जण करतात, धातूची पट्टी सैल होतेही, पण ताण प्लास्टिकच्या सांध्यावर येतो आणि तुमचा सांधा तडकलाय. ती तड तुमची आहे. तक्रारीत तिचा एका वाक्यात कबुलीने उल्लेख करा आणि तिचे पैसे मागू नका. "दिवसभर आरामदायक" अशी जाहिरात होती आणि कान दुखले म्हणून फसवणूक, हा मुद्दाही सोडा. डोकं प्रत्येकाचं वेगळं, आरामाचं माप नाही, ग्राहक आयोगापुढे हे उभं राहणार नाही आणि उगीच खऱ्या मुद्द्यावरचं लक्ष जाईल.

कपाच्या आतलं भोक मायक्रोपोर टेपने बुजवलं. त्याने बेसचा तोल बदलतो, म्हणून तर लोक करतात, पण ते एका बाजूच्या खरखरीचं कारण ठरेल असं मला वाटत नाही, त्यातून तुम्ही दोन्ही कपांत सारखंच केलंय.

खरी अडचण चौथ्या गोष्टीत. स्क्रू काढून कपात उशीत भरतात तो फायबर भरलात. दणदण कमी व्हावी म्हणून, समजलं. पण ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा, पडदा इतका पातळ असतो की त्याला एखादा केस किंवा धागा टेकला तरी खरखर येते. सामनेवाल्यांचा वकील पहिल्याच कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, हेच लिहिणार, की तक्रारदाराने आत फायबर कोंबला, त्याचा धागा पडद्याला लागला, म्हणून आवाज बिघडला. हे ऐकायला पटणारं आहे. याला उत्तर फक्त ११ जूनची चॅट. त्या दिवशी कपाचा एकही स्क्रू निघालेला नव्हता आणि तरी डावी बाजू बारीक होती.

आणि ती उलटं घालायची चाचणी साधी वाटली तरी फार कामाची आहे. दोष कानात असता किंवा चष्म्यामुळे फट राहिली असती तर हेडफोन फिरवल्यावरही डावा कानच कमी ऐकत राहिला असता. तो दोष हेडफोनबरोबर उजव्या कानाला गेला, म्हणजे दोष कानाचा किंवा चष्म्याचा नाही. लॅपटॉपचाच डावा आवाज कमी असण्याची शक्यता मात्र या चाचणीने मिटत नाही. ही चाचणी कंपनीच्या माणसाने सांगितलेली, त्याचं उत्तर कंपनीच्या सिस्टिममध्ये लिहिलेलं. यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला शोधून मिळणार नाही.

म्हणून आजच्या आज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, तिकीट नंबर घाला, आणि ११ जूनच्या चॅटची पूर्ण प्रत मागा. सोबत लिहा की हा रेकॉर्ड पुरावा म्हणून लागणार आहे, तो नष्ट करू नये. तोच मेल ज्या साइटवरून घेतलात तिच्या अधिकाऱ्यालाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनलाही तक्रार नोंदवा, कधी कधी तिथेच मिटतं, मिटेलच असं नाही. कंपनीने चॅट दिलीच नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ खाली आयोगाला कागदपत्रं हजर करायला लावायचा अधिकार आहे, तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या, नंतर नको. तिकीट नंबर आणि तारीख तुमच्याकडे असल्यावर "रेकॉर्ड नाही" म्हणणं त्यांना जड जाईल. तुमच्याकडच्या मेलच्या प्रिंटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याने काटेकोर बांधलेला नाही, पण आक्षेपाला जागाच कशाला ठेवायची.

आता मेलमधलं जे वाक्य वाचून मला राग आला ते. तुम्ही लिहिलंय की फायबर काढून, टेप काढून, जुने पॅड लावून हेडफोन "होता तसा" करतो आणि उघडलाच नव्हता असं सांगतो. हे करू नका. एक तर सर्व्हिस सेंटरने उघडलेल्या अवस्थेत पाहिलाय. दुसरं, शपथपत्रावर खोटं बोललात तर ११ जूनची खरी गोष्टसुद्धा कुणी मानणार नाही. आणि तिसरं, दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवू शकतो, लॅबचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो, आणि तिथे फायबर खरंच पडद्याला टेकलाय का हे दिसू शकतं. टेकलेला नसेल तर तो रिपोर्ट तुमच्या बाजूने असेल. तुम्ही आत्ताच चिमट्याने सगळं उपसलंत तर ही संधी स्वतःच्या हाताने घालवाल. आत्ता आहे तसे फोटो काढा, जुन्या पॅडसकट पिशवीत घालून ठेवून द्या, लावून ऐकूही नका.

मित्राने तुम्हाला याच २०१९ च्या ग्राहक कायद्याचं कलम ८७ दाखवून घाबरवलंय, की वस्तूत बदल केला की दावाच करता येत नाही. ते कलम प्रॉडक्ट लायबिलिटीचं आहे, म्हणजे वस्तूमुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला इजा झाली त्याचं. त्या संदर्भात कायद्याने 'हानी' मध्ये खुद्द वस्तूचं नुकसान धरलेलंच नाही. तुमची तक्रार सदोष माल आणि सेवेतल्या त्रुटीची आहे, ८७ मधे येत नाही. आणि तुम्ही स्वतः जे वाचलंत, की सील फाडलं तरी कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, ते अमेरिकेच्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यावरचं आहे. आपल्याकडे तसं कलम नाही, केंद्राने राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल केलंय पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, तक्रारीत ते लिहून हसं करून घेऊ नका. अट अन्यायकारक म्हणून रद्द करा असंही मागू नका, अन्यायकारक कराराचा विषय जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जातो. तुम्हाला अट रद्द करायची गरजच नाही, ती तुमच्या बाजूनेच वाचता येते.

बाकीचं थोडक्यात. तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करा, तुम्ही इथे राहता एवढं पुरेसं आहे, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. किंमत पाच लाखांच्या आत म्हणून फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ऑनलाइन दाखल करता येते. एडिटिंग हा धंदा आहे म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असा आक्षेप ते घेतील, तर स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापर हे पहिल्या पानावर लिहा, बहुधा निभावेल. साइट म्हणेल आम्ही फक्त मध्यस्थ, तरी विक्रेता, कंपनी आणि साइट तिघांनाही सामनेवाले करा, कुणावर जबाबदारी बसेल ते आत्ता सांगता येत नाही. पाच लाख विसरा. बदलून हेडफोन किंवा पूर्ण पैसे, त्यावर व्याज, त्रासाची माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागा. पंधरा हजाराच्या वस्तूला पाच लाख मागणाऱ्याकडे आयोग संशयाने बघतो, ते मी अनेकदा पाहिलंय.

वेळ. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, लॅब तपासणी असेल तर पाच. प्रत्यक्षात हे होत नाही. सामनेवाल्यांना कैफियतीला ३० दिवस, वर फार तर १५, ही मुदत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सक्तीची ठरवलीये म्हणून तेवढं तरी वेळेवर होतं, पुढे तारखाच तारखा. लोक पाच-सात तारखांना कंटाळून येणं सोडतात आणि गैरहजेरीत तक्रार काढून टाकली जाते, कंपन्या त्याचीच वाट बघतात, याची मला फार चीड आहे. तुमच्या हातात एवढंच आहे की उशीर तुमच्याकडून होऊ देऊ नका. मुदत दोन वर्षांची. जॉबशीट ८ जुलै २०२५ चं आहे, कुणी म्हणेल तिथून मोजा, पण दोष पहिल्यांदा ११ जूनला कळवलात, तेव्हा १० जून २०२७ हीच शेवटची तारीख धरून चाला आणि इतकं ताणूही नका, कारण कंपन्या चॅटचा रेकॉर्ड दोन वर्षं सांभाळून ठेवतील याचा काही भरवसा नाही.

मधल्या काळात कामासाठी दुसरा हेडफोन लागेलच, घ्या. चष्मा लावून दुकानात अर्धा तास डोक्यावर ठेवून बघा, एमजी रोडला बघू देतात, कान आत पूर्ण मावतो का आणि गादी काडीभोवती बसते का ते तिथेच कळतं. त्याचं बिल या तक्रारीत जोडू नका, आणि मागितलेल्या चॅटचं काय झालं ते मला कळवा.