पूररेषा आणि आपलं रान: नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

करवीर, शिरोळ आणि पलूस तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडून पुराबद्दल विचारणा होत आहे. "निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणे, मग २०१९ नंतर लगेच २०२१ ला परत कसा आला?" "आमचा गट नकाशात कुठल्याच रेषेत नाही, तरी ऊस बुडाला." "खालच्या रानात गोठा बांधला तर चालेल का?" "त्या रानात लावायचं तरी काय?" ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच देत आहे.

आधी रेषांचं बघू. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, असं ढोबळमानाने समजा. पण एकदा पूर येऊन गेला की पुढची पंचवीस वर्षं निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के, लाल रेषेपर्यंत १ टक्का. हा हिशोब दर पावसाळ्यात नव्याने सुरू होतो, म्हणून दोन वर्षांत दोन महापूर येऊ शकतात. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण पुढच्या दहा वर्षांत निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास जाते आणि पंचवीस वर्षांत ६४ टक्क्यांपर्यंत. शिवाय रेषेच्या आत, नदीकडे जावं तसं रान याहून जास्त वेळा बुडतं. खालच्या रानातल्या पाइपलाइनसाठी किंवा विहिरीसाठी दीर्घ मुदतीचं कर्ज काढताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

आता रेषेबाहेर पाणी का येतं ते पाहू. पूररेषा सगळ्या नद्यांच्या सगळ्या काठांवर आखलेल्या नाहीत. तुमच्या गावाच्या नकाशात रेषा नसेल तर तिथे कदाचित आखणीच झालेली नसेल. त्यावरून रान सुरक्षित आहे असं धरू नका. दुसरं कारण फुगीचं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे जागा मिळत नाही आणि ते मागे तुंबतं. हरिपूरला वारणा आणि कृष्णेचं तेच होतं. हेच फुगीचं पाणी ओढ्यातून उलटं चढत जातं आणि नदीपासून लांब असलेल्या सखल पट्टीत शिरतं. त्यामुळे मुख्य नदी दिसतही नाही अशा रानात आठवडाभर पाणी उभं राहतं. त्यात एखाद्या रस्त्याचा भराव आडवा आला आणि खालच्या मोऱ्या अपुऱ्या असल्या, तर पाणी उतरायला आणखी वेळ लागतो.

नकाशा जरूर बघा, तलाठ्याकडे आणि पाटबंधारे कार्यालयात चौकशी करा. पण माझा खरा आग्रह दुसऱ्या गोष्टीसाठी आहे: आपल्या रानाचा स्वतःचा आकडा काढा. कोल्हापूरकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. हे आकडे सगळ्यांसाठी सारखे, प्रत्येकाचा बांध मात्र वेगळ्या उंचीवर. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट असताना तुमच्या बांधाला पाणी लागलं, किती असताना मोटारीच्या पेटीपर्यंत आलं, किती असताना गावचा रस्ता बंद झाला, हे घरातल्या थोरांना, शेजाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच आणि २०२१ ला ५६ फूट ३ इंच पाणी होतं. विहिरीच्या काठावर, खांबावर, भिंतीवर त्या वर्षांच्या खुणा अजून दिसत असतील तर त्या रंगाने पक्क्या करा. एक लक्षात घ्या, कोल्हापुरात २०२१ चं पाणी जास्त होतं, पण सांगलीत २०१९ चं. म्हणून लांबच्या गावचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लावू नका. शिरोळकरांनी तर कृष्णा आणि पंचगंगा दोन्हींवर लक्ष ठेवलं पाहिजे.

आपला आकडा हातात असला की बातमीचा उपयोग होतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून विसर्ग वाढवला, हे ऐकून मोटार कधी काढायची आणि जनावरं कधी हलवायची, हे तुम्हाला ठरवता येतं. मोटार आणि स्टार्टर काढायला माणसं, दोर, ट्रॅक्टर लागतात, म्हणून आकड्याच्या दोन-तीन फूट आधीच हलायला सुरुवात करा. रात्री पाण्यात उतरून मोटार काढायला जाऊ नका, मोटार परत घेता येते.

गोठ्याबद्दल स्पष्ट सांगतो: निळ्या रेषेच्या आत बांधू नका. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आहे. तिथे शेती करता येते, बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. त्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच घेण्याची अट येते, तेव्हा खर्चाचा अंदाज आधीच घ्या. नाइलाजाने जनावरं खाली असतील तर घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या आणि चार-सहा दिवसांची वैरण उंचावर ठेवा.

पिकांचं म्हणाल, तर आपल्याकडचे २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत आले. त्याच सुमारास लावलेला आडसाली ऊस तेव्हा वीतभर असतो आणि गाळाखाली जातो. सखल रानात पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरची) लागण बरी, कारण पुराच्या वेळी ऊस आठ-नऊ महिन्यांचा, उंच झालेला असतो. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस बराच तग धरतो. शेंड्यात गाळ बसला की पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) कुजतो आणि कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, येतात. असा ऊस कारखान्याकडे आग्रह धरून लवकर तोडून घ्या. सोयाबीन उभ्या पाण्यात फार दिवस टिकत नाही, ते वरच्या रानातच ठेवा. दर एक-दोन वर्षांनी बुडणाऱ्या अगदी खालच्या पट्टीत खरिपात खर्चच करू नका. पाणी उतरून वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की हरभरा, गहू किंवा भाजीपाला घ्या.

शेवटचं, कागदपत्रांचं. ऊस पीक विमा योजनेत नाही, इतर पिकांसाठी त्या हंगामाच्या अधिसूचनेत कोणती जोखीम धरली आहे ते विमा भरतानाच वाचा. शासकीय मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. गाळ काढण्याच्या मदतीसाठी थर तीन इंचांपेक्षा जास्त असावा लागतो. म्हणून गाळ उपसण्याआधी पट्टी लावून, गट ओळखू येईल असा फोटो काढा. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद वेळेत करा. बांध वाहून गेला असेल किंवा जमीन खरडून गेली असेल तर पंचनाम्यात ते पिकाच्या नुकसानीपासून वेगळं लिहायला सांगा, कारण त्याची मदत वेगळी असते.