गुडघ्याच्या दुखापतीत एमआरआयऐवजी सोनोग्राफीवर भागतं का?

भागतं, पण नेमकं काय दुखावलंय त्यावर आहे. तुम्ही लिहिलंय की पडल्यावर गुडघा सुजला, एक्सरे नॉर्मल आला आणि घरचे म्हणतात गुडघ्याची सोनोग्राफी म्हणजे पैसे काढायचे धंदे. ते 'घरचे म्हणतात' वाचलं आणि लिहायला बसलो.

तीन वर्षांपूर्वी, वय ५४, गच्चीच्या ओल्या जिन्यावर पाय सटकला. तोल सावरताना गुडघा दुमडला आणि वाटीच्या वर दोरी तुटल्यासारखा आवाज आला. एक्सरेत हाड शाबूत. 'मुका मार' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरी आमचे दाजी हजर होतेच. मी सोनोग्राफीचं नाव काढलं तर चारचौघांत म्हणाले, "गुडघ्याला दिवस गेलेत का?" मग त्यांच्याच ओळखीच्या माणसाकडून तीन आठवडे तेलानं चोळून घेतलं. वाटीच्या वर बोट ठेवलं तर खड्डा लागायचा. सरळ पाय गादीवरून वीतभरही उचलत नव्हता. हे कुणी तपासलंच नाही.

शेवटी पुतणीनं सोनोग्राफीला नेलं. भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी, बाकावर पोटुशा बाया आणि मध्ये मी, लेंगा गुडघ्यावर गुंडाळून. (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यानं सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं, म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे ते सहसा दिसत नाही.) मॅडमनी गार जेल लावलं. "काका, हळूच दुमडा." पडद्यावर सुतळीसारखे धागे दिसत होते, ते मध्येच संपले आणि पुढं काळी फट. दुमडला की फट रुंदावायची. मांडीचा स्नायू वाटीला बांधणारा कंडरा पूर्ण तुटला होता. असं हलवून बघणं नेहमीच्या एमआरआयमध्ये होत नाही, तिथं निपचित पडावं लागतं. दहा मिनिटांचं काम. ऑपरेशन झालं, पण तोवर टोकं आकसली होती. आजही मला मांडी घालता येत नाही.

तेव्हा आधी सरळ पाय उचलून बघा. उचलत नसेल तर कुणाची समजूत काढत बसू नका, आजच्या आज हाडांच्या डॉक्टरकडे जा. आणि चोळू अजिबात नका, मग सांगणारा कितीही मानाचा पाहुणा असो.

हां, एक राहिलं. खेळताना पाय रुतून गुडघा पिरगळला असेल तर गोष्ट वेगळी. आतला एसीएल, म्हणजे सांध्याच्या मधोमध हाडाला हाड बांधणारा लिगामेंट (पट्टा), सोनोग्राफीत नीट दिसत नाही, दोन हाडांमधल्या गादीचाही (मेनिस्कस) बाहेरचा काठच काय तो दिसतो. तिथं एमआरआयला पर्याय नाही. वाटीच्या वरखालचे कंडरे, बाजूचे लिगामेंट, साठलेलं पाणी, मागची बेकर सिस्ट (गुडघ्यामागची पाण्याची गाठ) यांना सोनोग्राफी चालते, पण सांधे बघायची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टकडूनच करा. दिवसभर पोटंच बघणाऱ्याच्या नजरेतून फट निसटू शकते.

दाजी परवा एका लग्नात पंगतीत सांगत होते, गुण तेलाचाच आला. मी शेजारीच होतो, खुर्चीवर.