मार्लिन 1895 साठी 500 ग्रेनच्या जड गोळ्या घरी भरणं कितपत शहाणपणाचं?

प्रश्न थोडक्यात असा: अलास्कात नुकत्याच राहायला आलेल्या एका बाईंच्या मिस्टरांनी मूसच्या (इथलं प्रचंड मोठं हरीण) शिकारीसाठी .45-70 काडतुसाची मार्लिन 1895 रायफल घेतली, सोबत घरी काडतुसं भरायचं सामान आणि 500 ग्रेनच्या गोळ्यांचा डबा. "जड गोळी म्हणजे जास्त ताकद, असं ते म्हणतात. खरं आहे का? आणि घरात हे करणं सुरक्षित आहे का?"

मी अलास्कातच फेअरबँक्सला बारा वर्षं आहे, त्यातली नऊ वर्षं माझी काडतुसं मीच भरतोय. सुरक्षित आहे, पण भरणारा माणूस कंटाळवाणा हवा. एकेक पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) मोजणारा, वहीत लिहिणारा, घाई नसलेला. मिस्टर तसे असतील तर काळजी करू नका. त्यांची गाडी अडणार आहे ती मात्र गोळीच्या वजनापाशी नाही, लांबीपाशी.

आधी ग्रेनचा, म्हणजे या वजनाच्या मापाचा हिशेब, कारण मलाही सुरुवातीला अंदाज येईना. जुना तोळा 180 ग्रेनचा (हल्ली सराफ 10 ग्रॅमला तोळा म्हणतात, तो नव्हे). .45-70 ची मूळची लष्करी गोळी 405 ग्रेनची, म्हणजे बरोबर सव्वादोन तोळे शिसं! 1873 साली अमेरिकन लष्कराने स्प्रिंगफील्ड रायफलबरोबर हे काडतूस घेतलं. नावातले 45 म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या शंभरांशात; 70 म्हणजे काळी दारू, ग्रेनमध्ये. घोडदळाच्या आखूड बंदुकीसाठी दारू 55 ग्रेनवर आणावी लागली, इतका धक्का बसायचा. 500 ग्रेन म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या वर.

आता गोळीची जाडी तर ठरलेली आहे, .458 इंच. म्हणजे वजन वाढवायचं तर गोळी लांबच करावी लागते. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये काही वेळा ती लांबी थोडी बाहेर काढता येते. मार्लिनसारख्या लिव्हर-ॲक्शनमध्ये नाही. लिव्हर खाली ओढला की बॅरलखालच्या नळीतलं काडतूस एका छोट्या तुकड्यावर येतं आणि तो ते उचलून चेंबरसमोर (काडतूस जिथे बसून उडतं ती जागा) धरतो. या तुकड्याला साधारण 2.55 इंचांपर्यंतचं काडतूस चालतं. त्याहून फार लांब झालं की ते अर्ध्यात तिरकं अडकतं, आणि मग बर्फात गुडघ्यावर बसून चाकूच्या टोकाने काढत बसा. सांगायचा मुद्दा, जास्तीची लांबी पुंगळीच्या आत जाते आणि दारूची जागा खाते. जागा कमी झाली की तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. म्हणून 405 ग्रेनच्या गोळीचं माप 500 ला लावायचं नाही, कधीच नाही.

त्यात दुकानात मिळणाऱ्या 500 ग्रेनच्या तांब्याच्या कवचाच्या बऱ्याच गोळ्या मुळात .458 विंचेस्टर मॅग्नमसाठी केलेल्या असतात. 1956 सालचं ते आफ्रिकेतल्या हत्ती-गव्यांसाठीचं काडतूस, वेग सेकंदाला 2000 फुटांच्या वर. गोळीच्या कमरेला जी खाच असते ती त्या रायफलच्या हिशेबाने पाडलेली. खाचेपाशी बसवली तर काडतूस मार्लिनला लांब पडतं, आत ढकलली तर मुरड घालायला खाच उरत नाही. शिवाय कवच इतकं कडक की .45-70 च्या वेगाला ती गोळी फुलतच नाही, मूसच्या आरपार सरळ निघून जाते. नाक गोल असेल तर आणखी एक भानगड. बॅरलखालच्या नळीत काडतुसं एकामागे एक आडवी असतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडावर, म्हणजे थेट प्रायमरवर टेकलेलं. प्रायमर म्हणजे दिवाळीच्या टिकलीची थोरली बहीण. म्हणून या रायफलींना चपट्या नाकाची गोळी. (मऊ रबरी टोकाच्या टोकदार गोळ्या आता मिळतात, त्या चालतात; कडक टोकाच्या नाहीत.)

मुरड म्हटलं ते मुद्दाम. इंग्रजीतलं क्रिंप, पण करंजी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुंगळीचा काठ गोळीच्या खाचेत आत वळवायचा. जड गोळीला हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि माझी फजिती इथेच झाली. एका हिवाळ्यात मी तीन-चार ठिकाणच्या रिकाम्या पुंगळ्या एकाच डब्यात टाकल्या. त्यात रबरी टोकाच्या काडतुसांच्याही होत्या. त्यांचं टोक लांब, म्हणून पुंगळी मुद्दाम आखूड केलेली असते: नेहमीच्या 2.105 इंचांऐवजी 2.040. मी मोजल्या नाहीत. मुरडीची डाय (काठ वळवणारा साचा) लांब पुंगळीला बसवलेली, आखूडच्या काठापर्यंत ती पोचलीच नाही. रेंजवर चार बार काढले आणि पाचवं काडतूस, जे सगळ्यात आधी भरलं होतं आणि ज्याने चारही धक्के खाल्ले होते, ते सहज म्हणून बाहेर काढलं. काठ किंचित उघडा, आणि गोळी आत सरकलेली. कॅलिपर (बारीक लांबी मोजायचं साधन) लावला: बाकीची 2.54, हे 2.47. ते उडवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी नंतर गाडीत बसून केला. त्या दिवसापासून आखूड पुंगळ्यांचा डबा वेगळा, त्यावर लाल चिकटपट्टी, आणि भरलेलं प्रत्येक काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून बघतो. हललं तर बाद.

दारूचं माप मी इथे लिहिणार नाही, मिस्टरांनी विचारलं तरी नाही. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं, नेमक्या त्याच गोळीचं आणि त्याच दारूचं. .45-70 च्या पानांवर बहुधा तीन विभाग दिसतील: जुन्या स्प्रिंगफील्डसाठी हलका, मार्लिनसारख्या लिव्हर रायफलींसाठी मधला, आणि रुगर नंबर 1 सारख्या मजबूत एकबारींसाठी तिसरा. पुंगळी तीच, चेंबरमध्येही तशीच बसते, त्यामुळे तिसऱ्या विभागातलं काडतूस मार्लिन मुकाट्याने आत घेईल. तक्रार नंतर करेल. त्या पानावर मी स्टेपलर मारून ठेवलाय. मधल्या विभागातही सुरुवातीच्या मापापासूनच सुरू करायचं. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. आणि दारू अशी निवडायची की एक माप टाकल्यावर पुंगळी अर्ध्याच्या वर भरेल. ही पुंगळी 70 ग्रेन काळ्या दारूसाठी केलेली, पोट मोठं. आजच्या एखाद्या जलद दारूचं दुप्पट माप तिच्यात गपचूप मावतं. भरून झालं की सगळ्या पुंगळ्यांवरून टॉर्च फिरवायचा आणि मगच गोळ्या बसवायच्या.

राहिला ताकदीचा प्रश्न. जुनं 405 ग्रेन सेकंदाला 1300 फुटांच्या आसपास जातं आणि त्याने गेली दीडशे वर्षं मोठमोठी जनावरं पडत आलीत. मी तेवढंच, किंवा थोडं वर भरतो. शंभर यार्डांच्या आत, फुप्फुसांवर. शंभरला नेम जुळवलेला असेल तर दोनशेला ही गोळी दोन फुटांच्या आसपास खाली येते, तिथे वजन वाढवून काहीच सुधारत नाही. हळू जड गोळीने मांसही कमी नासतं, आणि मूसचं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. रायफल सव्वातीन किलोची. 500 ग्रेनला खांदा असा शेकतो की तिसऱ्या बाराला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मी मिटलेत.

आमच्या संगमेश्वरच्या घरी आजोबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती, दारू अंदाजाने ठासायचे. त्यामुळे मला वाटायचं हे आपल्या रक्तात आहे. काही नसतं रक्तात. आणि कोणी हे भारतातून वाचत असेल तर, तिथे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. इथे स्वतःपुरती भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची तर लागतो.

तर मिस्टरांना सांगा, 500 चा डबा अजून फोडला नसेल तर दुकानात बदलून मिळतो का बघा. त्याऐवजी चपट्या नाकाच्या 405 ग्रेनच्या, खाच असलेल्या घ्या. आणि कॅलिपर घेतला नसेल तर आधी तो.