विश्वाचं पुनर्आयनीकरण कोणत्या प्रकाशानं घडवलं: पहिले तारे, दीर्घिका की क्वेसार?

महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी हायड्रोजनचे उदासीन अणू तयार झाले. त्यांचे इलेक्ट्रॉन पुढे पुन्हा कुणी उडवले, म्हणजेच विश्वाचं पुनर्आयनीकरण कुणी केलं, हा प्रश्न आहे. थेट उत्तर असं की बहुतांश काम लहान, अंधुक दीर्घिकांमधल्या तरुण आणि वजनदार ताऱ्यांनी केलं. मात्र हे उत्तर ज्या हिशेबावर उभं आहे, त्यातला एक आकडा अजून पक्का नाही. तो कोणता, हे हिशेब मांडल्यावरच कळतं.

हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे ९१.२ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. महास्फोटाचा उरलेला प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहानुसार हे काम ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाण्याचं माप; जितकी जास्त, तितका काळ जुना) ७.७ च्या आसपास, महास्फोटानंतर सुमारे ७० कोटी वर्षांनी अर्ध्यावर आलं होतं; दूरच्या क्वेसारांचे (महाकाय कृष्णविवरांमुळे तळपणाऱ्या दीर्घिकाकेंद्रांचे) वर्णपट सांगतात की साधारण १ अब्ज वर्षांपर्यंत ते उरकलं. आता खर्च बघा. आजच्या मापानं एक मेगापार्सेक (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) बाजूच्या घनात हायड्रोजनचे ५.६×१०^६६ अणू येतात. ५० कोटी वर्षांत प्रत्येकाला एक फोटॉन (प्रकाशकण) पुरवायचा, तर सेकंदाला ३.५×१०^५० फोटॉन हवेत. दाट जागी इलेक्ट्रॉन परत जोडले जातात, त्यामुळे खरी गरज याच्या दीड-दोन पट धरावी.

जमेच्या बाजूला तीन गोष्टींचा गुणाकार असतो: दीर्घिकांची एकूण अतिनील दीप्ती, त्या दीप्तीमागे निघणारे आयनकारी (इलेक्ट्रॉन उडवू शकणारे) फोटॉन, आणि त्यातले दीर्घिकेबाहेर निसटणारे किती. अंधुक दीर्घिका धरून पहिल्या दोहोंचा गुणाकार सेकंदाला, दर घन मेगापार्सेकमागे, ३×१०^५१ च्या आसपास येतो. म्हणजे १०-१२ टक्के निसटले तर अणूमागे एक फोटॉन जेमतेम भरतो. परत जोडणी धरली की साधारण १७ ते २३ टक्के लागतात.

अडतं ते या निसटण्यापाशी. वायूच्या पडद्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.६×१०^१७ अणू असले, तरी ९१.२ नॅनोमीटरचा प्रकाश निम्म्याहून जास्त गिळला जातो. तारे जन्मतात त्या ढगांत हीच संख्या १०^२१ च्या वर असते. तेव्हा प्रकाश सगळीकडून झिरपत नाही, वायूत भोकं पडतील तिथूनच सुटतो. भोकं पाडतात अतिनवतारे, म्हणजे वजनदार ताऱ्यांचे अखेरचे स्फोट, आणि इथे वेळ जुळत नाही: सर्वांत वजनदार तारे ३ ते ५ दशलक्ष वर्षांतच संपतात. म्हणजे वाट मोकळी होईपर्यंत दिवा मंदावलेला असतो. जोडताऱ्यांनी हा पेच बराच सैल होतो. एका ताऱ्याचं बाहेरचं आवरण दुसऱ्यानं ओढून घेतलं की उघडा पडलेला उष्ण गाभा पुढे बराच काळ आयनकारी प्रकाश देत राहतो. लहान दीर्घिकांचं गुरुत्व दुबळं असल्यानं तिथला वायूही लवकर उधळला जातो.

हा निसटता प्रकाश त्या काळातल्या दीर्घिकांसाठी थेट मोजता येत नाही, कारण वाटेतला हायड्रोजन तो खाऊन टाकतो. म्हणून जवळच्या, तशाच स्वभावाच्या दीर्घिका तपासाव्या लागतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीतून ताम्रसृती १.४२ च्या एका दीर्घिकेतून (नाव एयूडीएफएस०१) बाहेर पडणारा सुमारे ६० नॅनोमीटरचा प्रकाश पकडला आणि निसटण्याचं प्रमाण किमान २० टक्के काढलं. माझ्या मते या विषयातल्या फार मोलाच्या निरीक्षणांपैकी हे एक आहे, पण एका दीर्घिकेवरून सरासरी ठरवू नका.

क्वेसार का नाहीत? ताम्रसृती ६ पलीकडे तेजस्वी क्वेसारांची संख्या झपाट्यानं घटते. दुसरं, त्यांच्या प्रकाशातले फोटॉन इतके ऊर्जावान असतात की हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉनही (५४.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट) उडतो. मुख्य काम त्यांनी केलं असतं, तर हेलियमही तेव्हाच पूर्ण आयनित झाला असता. प्रत्यक्षात ते ताम्रसृती ३ च्या आसपास घडलेलं दिसतं. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला दिसलेले ‘लहान लाल ठिपके’ (बहुधा कृष्णविवरं असलेले छोटे, लालसर स्रोत) भरपूर आहेत, पण त्यांच्याभोवती दाट वायू असल्याच्या खुणा आहेत, त्यामुळे त्यांच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

वेबनं मात्र हिशेब उलट्या बाजूनं बिघडवला आहे. २०२४ मध्ये एबल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वभिंगामागे (समूहाचं गुरुत्व मागचा प्रकाश भिंगासारखा वाकवून मोठा करतं) आठ अतिअंधुक दीर्घिका तपासल्या, तेव्हा दीप्तीमागचे आयनकारी फोटॉन नेहमी गृहीत धरतात त्याच्या सुमारे चौपट निघाले. तिथे ५ टक्के निसटले तरी पुरतं. उलट सगळ्या दीर्घिकांना इतकी क्षमता आणि २० टक्के निसटणं अशी दोन्ही दिली, तर पुनर्आयनीकरण प्लँकच्या मोजणीच्या फार आधी उरकतं. म्हणून जुना २० टक्क्यांचा आकडा नव्या क्षमतेसोबत आंधळेपणानं वापरू नका. एक बदलला की दुसरा पुन्हा तपासावा लागतो.

वेगळा पुरावा हवा तर तो उदासीन हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरींत आहे. पुष्कळ लहान दीर्घिकांनी काम केलं असेल तर आयनित बुडबुडे लहान आणि असंख्य, मोजक्या मोठ्या स्रोतांनी केलं असेल तर मोठे आणि विरळ. ताम्रसृती ८.६ हून येणारी ही लहर आपल्यापर्यंत १४८ मेगाहर्ट्झला पोचते. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं तिच्या तीव्रतेवर २०११ मध्ये एक कमाल मर्यादा दिली, आणि २०१३ मध्ये ती वर सरकवावी लागली. आपल्या आकाशगंगेचा हजारो पट प्रखर रेडिओ गोंगाट वगळणारी गाळणी मूळ संकेताचाही काही भाग गाळत होती, आणि ती घट मोजून परत जोडावी लागली.