घराणं जमीनदारांचं, मग माणूस डावा कसा?

प्रश्न : सर, आमच्या कट्ट्यावर परवा मोहन कुमारमंगलमवरून जाम वाद झाला. जमीनदाराचा मुलगा, ईटनला शिकलेला, शेवटी इंदिराबाईंचा मंत्री, असला कसला कम्युनिस्ट? आणि खाणमंत्री असताना त्यांनी गोव्याच्या खाणी का नाही घेतल्या?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : घराणं मोठं होतं हे खरंच. वडील डॉ. पी. सुब्बरायन मद्रासचे प्रीमियर, म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्रीच, पुढे १९६२ मध्ये आपल्या शेजारच्या महाराष्ट्राचे राज्यपाल. आई राधाबाई मंगळूरच्या सारस्वत, दलितांसाठी शाळा काढणाऱ्या कुद्मुल रंगरावांची मुलगी, आणि १९३० च्या गोलमेज परिषदेला जाऊन आलेली. वडिलांकडचंच बघत बसलं तर आईकडचं हे नजरेतून सुटतं बघा. एक भाऊ लष्करप्रमुख, बहीण पार्वती कृष्णन कम्युनिस्ट खासदार, मोहन यांचा मुलगा रंगराजन वाजपेयींच्या मंत्रिमंडळात भाजपचा मंत्री! म्हणजे त्या घरात कुठल्याच पक्षाला दार बंद नव्हतं.

मोहन केंब्रिजहून कम्युनिस्ट होऊन आले, ब्रिटिशांच्या तुरुंगातही गेले. पण पुढे त्यांचं म्हणणं असं झालं की डाव्यांनी बाहेरून ओरडत बसण्यापेक्षा काँग्रेसमध्ये शिरून तिला डावीकडे वळवावं. याला कम्युनिस्ट पक्षातले बरेच जण संधिसाधूपणा म्हणाले, मला तसं वाटत नाही, कारण १९७१ ला पाँडिचेरीहून निवडून येऊन पोलाद आणि खाणमंत्री झाल्यावर त्यांनी आधी कोकिंग (पोलाद बनवायला लागणारा) कोळसा आणि मग १९७३ मध्ये बाकीच्या कोळसा खाणीही सरकारच्या ताब्यात आणल्या, हे नुसतं बोलून दाखवणाऱ्याचं काम नाही.

राहिल्या गोव्याच्या खाणी. तो निर्णय कोळशाचा होता हो, लोखंडाचा नाही. आपल्याकडची पोर्तुगीज काळातली कन्सेशनं, म्हणजे खाणकामाचे हक्क, तशीच चालू राहिली आणि १९८७ च्या कायद्यानं त्यांची लीजं (भाडेपट्टे) झाली. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातल्या लोकांना पुढचं सांगायला नको.

माझा त्यांच्यावरचा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. एप्रिल १९७३ मध्ये शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं, तेही संसदेला घटनेचा गाभा बदलता येत नाही असं ठरवणाऱ्या केशवानंद खटल्याचा निकाल लागल्या लागल्या, आणि संसदेत त्याचं जोरदार समर्थन केलं ते याच गृहस्थांनी, स्वतः वकील असून, मद्रासचे माजी ॲडव्होकेट जनरल असून. कट्ट्यावर भांडायचंच असेल तर यावरून भांडा, ईटन सोडा. त्यानंतर महिन्याभरात, ३१ मे ला, दिल्लीजवळ विमान पडून ते गेले, त्यामुळे आणीबाणीत ते कुठल्या बाजूला उभे राहिले असते यावर तुम्ही पैज लावू शकता, जिंकणार कोणीच नाही.