सीनियर सरांच्या पाठावर फीडबॅक देऊ तरी कसा?

प्रश्न : नमस्कार ताई. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात झेडपी शाळेवर आहे, नोकरी अजून नवीनच. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ठरलं की एकमेकांचे पाठ बघायचे अन फीडबॅक द्यायचा. माझ्या वाट्याला आमचेच सर आले, रिटायरमेंटला टेकलेले. तिसरीला हातच्याची वजाबाकी होती. सर जीव तोडून शिकवतात हो, पण 52 वजा 27 करायला एक पोट्टा फळ्यावर गेला, त्यानं 35 लिहिलं, सर म्हणाले "चूक, बस खाली" अन दुसऱ्याला उठवलं. तो पोट्टा मग तास संपेपर्यंत मान खालीच घालून बसला. असं बरंच काही मी वहीत टिपलंय. एवढ्या मोठ्या माणसाला सांगू कशी? स्टाफमधले म्हणतात काहून भानगडीत पडता मॅडम, "पाठ प्रभावी झाला" लिहा अन मोकळ्या व्हा.

उत्तर : तेवढं मात्र लिहू नका ताई. त्यानं सरांना काही मिळत नाही आणि त्या पोराला तर नाहीच नाही.

तुम्ही वहीत बरंच टिपलं असेल, पण सरांशी बोलायचं ते फक्त या 35 बद्दल. बघा ना, 7 मधून 2 गेले 5, अन 5 मधून 2 गेले 3, म्हणजे पोरानं अंदाजपंचे नाही लिहिलं, मोठ्यातून लहान काढायचं असा नियम त्यानं डोक्यात पक्का केलाय. हा नियम वर्गात आणखी कितीजणांच्या डोक्यात आहे ते वह्या उघडल्या की कळेल, आणि "चूक, बस" म्हटल्यानं तो जात नाही. बाकीचं टिपण राहू द्या वहीतच, एका दमात दहा गोष्टी सांगितल्या की माणूस एकही ऐकत नाही, ऐकतो तो फक्त अपमान.

बोलायचं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. खिचडी वाटताना चारचौघांत नको आणि हेडमास्तरांसमोर तर अजिबात नको. आधी सरांनाच विचारा, पाठ कसा वाटला? त्यांच्याकडून तुम्हाला खरोखर जे घेण्यासारखं वाटलं ते नेमकं सांगा, उगाच लोणी लावू नका, इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाला ते लगेच कळतं. मग जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोला. "तुम्ही मुलांना बोलू देत नाही" हा झाला तुमचा निकाल, त्यावर वाद होणारच. "त्यानं 35 लिहिलं, खाली बसला आणि नंतर फळ्याकडे बघितलंच नाही" हे तर घडलेलं आहे. आणि मग वही पुढं करून विचारा, "सर, यानं 35 कसं आणलं असेल?" मला वाटतं सर स्वतःच सांगतील, तुम्हाला पुढचं बोलावंही लागणार नाही.

घाईचा विषय निघाला तर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग करून पाहिलं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण 1 सेकंदच थांबत होते. 3 सेकंद थांबायला लागले तर मुलांची उत्तरं लांब झाली आणि मागं राहिलेली मुलंही बोलायला लागली. ही सवय आपल्या सगळ्यांचीच आहे, त्यामुळे सरांना एकट्याला बोट दाखवल्यासारखं होत नाही.

फीडबॅक देऊन उठू मात्र नका. बी.एड.चं सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठाचा सराव, आठवतं ना, 36 मिनिटांचं चक्र? 6 मिनिटं पाठ, 6 प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, मग पुन्हा नियोजनाला 12, परत 6 मिनिटं पाठ अन 6 प्रत्याभरण. सगळ्यात जास्त वेळ पुन्हा नियोजनाला दिलाय, आणि आपल्याकडे नेमकं तेच गळून जातं, फॉर्म भरला की संपलं. म्हणून दोघं मिळून पुढचा तास ठरवा. गणित पेटी कपाटातून काढा, नाहीतर काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा, 52 म्हणजे पाच गठ्ठे अन दोन सुट्या काड्या, आता यातल्या 7 सुट्या मला दे म्हटलं की पोरगं गठ्ठा सोडल्याशिवाय देऊच शकत नाही. तिथं हातचा त्याच्या हातात येतो.

आणि सरांना तुमच्या वर्गात बोलवा, जमलं तर हे बोलणं व्हायच्या आधीच. "सर, माझा भागाकाराचा तास बघून सांगता का" म्हणा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घ्या. केंद्रप्रमुखांचा फॉर्म भराल तो आधी सरांना वाचायला द्या. त्यांच्याशी जे बोलणं झालं त्यापलीकडचं एक वाक्यही त्यात नको.