कंट्रोल कोणाकडे होते?

प्रिय पोरी,

सरांसोबत ऑटोरोटेशनचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीशिवाय हेलिकॉप्टर उतरवण्याचा, सराव करताना झालेल्या अपघाताबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. बरगडी दुखतेय हे तू जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंस. आधी तिच्याकडे बघ.

"मी कलेक्टिव्ह उशिरा खाली केला" हे वाक्य पत्रात चार वेळा आलंय. डाव्या हातातला, सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा तो दांडा खाली न्यायला उशीर झाला असेलही. आर-22 सारख्या छोट्या हेलिकॉप्टरची पाती हलकी. इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल बंद झाला आणि कलेक्टिव्ह वरच राहिला, तर रोटरचे, म्हणजे पात्यांच्या चक्राचे, फेरे बघता बघता उतरतात. हाताशी जेमतेम एक-दीड सेकंद. फेरे नेहमीच्या 97 टक्क्यांवर आले की भोंगा वाजतो, तो ऐकून विचार करायला बसलं की संपलंच. अमेरिकेत 1995 साली या मशीनसाठी वेगळा नियम करावा लागला: एकट्याने उडण्याआधी प्रशिक्षकासोबत किमान 20 तास.

पण तू फेरे परत मिळवलेस ना? उतरणं व्यवस्थित चाललं होतं. घोटाळा झाला तो शेवटच्या चाळीस फुटांत, फ्लेअरच्या वेळी, म्हणजे नाक वर करून वेग मारताना. पॉवर परत घ्यायला थ्रॉटल उघडायचा कोणी? तुला वाटलं सर उघडतील, सरांना वाटलं तू. "कलेक्टिव्हवर आमचे दोघांचेही हात होते" असं तू सहज लिहून गेलीस. मी तिथेच अडकलो.

"कंट्रोल माझ्याकडे", "तुमच्याकडे", "हो, माझ्याकडे" हे तीनदा म्हणणं कंटाळवाणं वाटतं, मान्य. शिकवायला लागल्यावर मीही त्याचा आळस केला. एकदा हॉवरमध्ये, म्हणजे हवेत जागच्या जागी थांबलेलो असताना, मी आणि माझा विद्यार्थी दोघंही पेडलवर पाय रोवून बसलो होतो, आणि दोघंही वाऱ्याला शिव्या देत होतो!

आज रात्रीच सगळं लिहून काढ. मित्रांशी बोलण्याआधी, नाहीतर त्यांचे शब्द तुझ्या आठवणीत शिरतील. क्रमाने लिही, कारणं देऊ नकोस. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" म्हण. सरांना सांभाळून घेऊ नकोस आणि सगळं स्वतःच्या अंगावरही ओढून घेऊ नकोस. अपघाताचा तपास दोषी ठरवण्यासाठी नसतो, पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 13 मध्ये तसं स्पष्ट आहे. तरी एखादा तिरका प्रश्न येईलच. उत्तर लिहिलंयस तेच दे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्याच दिवशी ऑटोरोटेशन करायला जाऊ नकोस. साधं उडून ये. नंतर कर, भरपूर उंचीवर, जमिनीच्या बरंच वर पॉवर परत घेऊन. आणि इंजिन चालू करण्याआधी विचार, "थ्रॉटल कोण उघडणार?" शिकवणारा चिडला तर चिडू दे.

भोंगा झोपेत ऐकू येतो म्हणतेस. मलाही यायचा. तेव्हा मी दिवसा खुर्चीत बसून तोंडाने भोंगा वाजवायचो आणि डावा हात झटकन खाली न्यायचो. कलेक्टिव्ह म्हणून छत्री धरायचो. घरचे हसायचे.

बरगडीचं कळव.

तुझा,
काका